भिंतीवर माकिवारा नको
एकाने विचारलंय की फ्लॅटमध्ये जागा नाही तर गच्चीच्या भिंतीलाच पॅड ठोकून माकिवारा (कराटेत ठोशांचा सराव करायची फळी) चालेल का, माझ्या मते नाही. ओकिनावाचा माकिवारा म्हणजे जमिनीत पुरलेली, बुडाशी जाड आणि वर निमुळती फळी, ठोसा बसला की ती मागे लवते आणि सगळी गंमत त्यातच आहे, भिंत कुठली लवतेय, तो दणका परत मनगटात नि कोपरात येतो. पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून फळी आणा, तासून घ्या, पुरायच्या भागाला डांबर लावा नाहीतर पावसाळ्यात कुजेल (सोसायटीची परवानगी हा वेगळाच तमाशा). तर्जनी आणि मधल्या बोटाच्या नकल्सनीच मारायचं, सुरुवातीला हळू. लहान मुलांना मात्र अजिबात नको, हाडं वाढत असतात त्यांची.