शब्दचर्चा: देहबोली, हावभाव आणि अशाब्दिक संप्रेषण

विचारणा (बी.एड. विद्यार्थिनी, कोल्हापूर)
सराव पाठांच्या निरीक्षण तक्त्यात आमच्या गटातलं कुणी 'हावभाव' लिहितं, कुणी 'देहबोली', आणि पुस्तकात असतं 'अशाब्दिक संप्रेषण'. तिन्हींचा अर्थ एकच का?

निवृत्त मराठी शिक्षक, राजारामपुरी
नाही. 'हावभाव' चेहऱ्यावर आणि हातांत असतात, आणि बहुधा मुद्दाम केलेले. नाट्यशास्त्रात हाव आणि भाव हे नायिकेचे वेगवेगळे अलंकार आहेत. आपण त्यांची जोडी लावून टाकली. पण 'करण्याचा' वास शब्दाला अजून आहे. म्हणून कविता हावभावांसह म्हणतात, पेंगताना हावभाव कुणी करत नाही.

'देहबोली' हा 'बॉडी लँग्वेज'वरून घडवलेला शब्द. माझ्या मते तो न ठरवता बाहेर पडणाऱ्या गोष्टींना शोभतो. "कळलं का?" म्हटल्यावर शेवटच्या बाकावरचा मुलगा जोरात मान डोलावतो, पण वही मिटलेली, तिच्यावर कोपर, आणि पेनाचं टोपण काढ-घाल चालू. मान 'हो' म्हणते, कोपर 'नाही'. तुमच्या तक्त्यात यायला हवं ते कोपर.

'अशाब्दिक' सगळ्यांत मोठं. त्यात आवाजाची पट्टी येते, बाकापासूनचं अंतर येतं, गप्प राहणंही येतं. अमेरिकन शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात दाखवलं की प्रश्न विचारून शिक्षक जेमतेम सेकंदभर थांबतात. तेच ३ सेकंद थांबले तर मुलांची उत्तरं लांबतात आणि "माहीत नाही" कमी होतं. या थांबण्याला देहबोली कसं म्हणणार?

विद्यार्थिनी
पण सर, एका कार्यशाळेत सांगितलं की ९३ टक्के संवाद देहबोलीतूनच होतो.

निवृत्त शिक्षक
तो आकडा फार फिरतो! मूळ मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांचे १९६७चे प्रयोग. शब्द ७, आवाज ३८, चेहरा ५५. म्हणजे ९३मधले ३८ आवाजाचे, ते देहबोलीच्या खात्यावर जमा करून टाकले. शिवाय प्रयोग होते सुट्या शब्दांवर आणि चेहऱ्यांच्या छायाचित्रांवर, बोलणाऱ्याची भावना ओळखण्यापुरते. त्रैराशिक शिकवताना ७ टक्के शब्दांत भागवून बघा.

क्रीडा शिक्षक, शिवाजी पेठ
सर, 'पवित्रा' राहिलाच की! तालमीतला शब्द आहे. पाय किती फाकलेत, कंबर कुठं वाकलीय, खांदे कसे, सगळं त्यात आलं. शड्डू ठोकणं ही खूण झाली. खासबागेच्या कुस्ती मैदानात तो मुद्दाम, समोरच्याला ऐकू जावा म्हणूनच ठोकतात. पवित्रा मात्र नुसता बघून कळतो. दारात बाई कशा उभ्या राहिल्यात त्यावरनं पोरं ओळखतात, आज वही तपासणी हाय. पेपरवाल्यांनी 'आक्रमक पवित्रा' छापून छापून शब्दातनं शरीरच काढून घेतलं.

विशेष शिक्षिका
एक विनंती. कर्णबधिर मुलांच्या भाषेला देहबोली किंवा हातवारे म्हणू नका. भारतीय सांकेतिक भाषेला स्वतःचं व्याकरण आहे, आणि चेहऱ्यावरचे बदल त्या व्याकरणातच धरले जातात. 'नेत्रपल्लवी', 'करपल्लवी' हे आपले जुने शब्द गोड आहेत, पण ते डोळ्यांच्या आणि बोटांच्या गुपचूप खुणांसाठी. तिथंच राहू देत.

विद्यार्थिनी
मग तक्त्यात नेमकं काय लिहू? 'चुळबुळ' चालेल का? फार घरगुती वाटतो.

निवृत्त शिक्षक
चालेल की. 'अवधान विचलन' लिहिलंत तर मूल खिडकीबाहेर बघत होतं की बाकाखाली चप्पल शोधत होतं, काहीच कळत नाही. रकान्याचं नाव 'अशाब्दिक' राहू द्या, खाली मात्र क्रियापदं लिहा: डोळे वटारले, भुवया उंचावल्या, नाक मुरडलं, बोट ओठांवर ठेवलं. चुळबुळ लिहाल तेव्हा कुणाची आणि पाठाच्या कुठल्या टप्प्यावर, तेवढं शेजारी टिपा.