पाटीवरच्या एका शब्दाची किंमत

काही जण म्हणतात की युरोपातल्या लिथुआनियाने नुसत्या पाटीवरून चीनशी उगाच पंगा घेतला, मला नाही पटत. नोव्हेंबर २०२१ मधे विल्निअसला, म्हणजे त्यांच्या राजधानीत, तैवानचं ऑफिस उघडलं त्यावर 'तैपेई' (तैवानची राजधानी) न लिहिता 'तैवानी' लिहिलं, एवढंच, पण चीन तैवानला आपलाच भाग मानतो, म्हणून त्याने तीन दिवसांत संबंध राजदूतावरून प्रभारी (राजदूताच्या खालचा अधिकारी) दर्जावर आणले, मग डिसेंबरात चीनच्या कस्टम्सच्या सिस्टीममधून लिथुआनियाचं नावच गायब, आता माल बंदरात पोचला तरी क्लिअर कसा करायचा सांगा! जेमतेम २८ लाखांचा देश हो तो, १९९० पर्यंत सोव्हिएत जोखडाखाली होता, मोठ्याचा धाक म्हणजे काय ते त्यांना कोणी शिकवायला नको, म्हणूनच मला त्यांचं फार कौतुक वाटतं. चीनकडे निघालेल्या लिथुआनियाच्या रमच्या २० हजारांवर बाटल्या शेवटी तैवानच्या सरकारी कंपनीने विकत घेतल्या.