सेल्फ-अप्रेझल म्हणजे आपणच आपली पाठ थोपटायची?

हिंजवडीचा_वैतागलेला: काल इथे एकाने ठासून लिहिलं, "आपलं काम आपल्याइतकं कुणालाच कळत नाही, साहेबाचं रेटिंग बंद करा." डोकंच फिरलं. सहा वर्षं मी टीमचे सेल्फ-अप्रेझलचे फॉर्म वाचतोय, म्हणजे वर्षभराच्या कामाला पाचपैकी किती, ते ज्याने त्याने स्वतःच लिहायचं. ११ जणांत १० जण स्वतःला चार नाहीतर पाच देतात. उरलेलीने तीन दिले, आणि रात्री दोनला सर्व्हर पडला की फोन उचलते तीच! नेब्रास्का विद्यापीठातल्या प्राध्यापकांची १९७७ची पाहणी बघा. ९४ टक्के म्हणाले, आम्ही सरासरीच्या वर. प्राध्यापक हां!

भोसरीचा_सेटर: आमच्याकडं जॉबचा, म्हणजे बनवलेल्या पार्टचा, बोअर (भोक) गो-नोगो गेजवर चेक होतो. मापाच्या दोन बाजू असतात, 'गो' आणि 'नोगो'. गो आत गेली पाहिजे, नोगो अडकली पाहिजे. नोगोपण सरकन गेली की भोक मोठं झालं, जॉब रिजेक्शनच्या लाल ट्रेमध्ये. 'मला वाटतं बरा झालाय' लिहायला रकानाच नाही. तुमच्याकडं गेज नाही, म्हणून भांडताय.

माहेर_सांगली: ती तीनवाली म्हणजे मीच समजा. पहिल्या वर्षी लिहिलं, "टीमच्या मदतीने रिपोर्ट पूर्ण केला." शेजारच्याने त्याच रिपोर्टवर "मी लीड केलं" लिहिलं. त्यातल्या निम्म्या क्वेरी मी जागून लिहिल्या होत्या. बढती कुणाला, सांगायला नको. आपल्या तोंडाने आपलं कौतुक करू नये, हे घरी शिकवलेलं भोवलं.

सदाशिव_स्पष्ट: झालं, मराठी माणूस मागे का, चालू! पुणेकर आणि नम्र? दुकानांवरच्या पाट्या वाचल्या नाहीत वाटतं.

माहेर_सांगली: पाटी मालक लावतो. तुम्ही अप्रेझलच्या फॉर्मवर तसली एक ओळ लिहून दाखवा, मग बोलू.

सदाशिव_स्पष्ट: माझा स्वतःचा धंदा आहे.

माहेर_सांगली: तेच म्हणतेय मी!!

पेन्शनर_काका: तुम्हाला निदान फॉर्म तरी मिळतो. आमचा गोपनीय अहवाल साहेब लिहायचे, कपाटात जायचा. ३१ वर्षांत माझ्यावर काय शेरे मारले, देव जाणे. देव दत्त नावाच्या सरकारी नोकराचा खटला झाला, त्याला शेरा होता 'चांगला', बढतीला हवा होता 'खूप चांगला'. 'चांगला' म्हणजे काही वाईट नाही, म्हणून त्याला कळवलाच नव्हता! २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, प्रत्येक शेरा कळवा. मी तोवर घरी बसलो होतो.

हिंजवडीचा_वैतागलेला: काका, आदर आहे, पण विषय स्वतःला ओळखण्याचा चाललाय.

पेन्शनर_काका: शेराच दाखवला नाही तर ओळखायचं कशावरून? आरशात बघून?

हिंजवडीचा_वैतागलेला: बरं, हे मान्य. पण १९८८ साली बऱ्याच अभ्यासांचे आकडे एकत्र करून बघितले होते. स्वतःचं आणि साहेबाचं मत जुळण्याचा सहसंबंध (१ म्हणजे तंतोतंत जुळलं, ० म्हणजे काही संबंध नाही) ०.३५, सहकारी आणि साहेबाचा ०.६२. म्हणजे शेजारच्या डेस्कला विचारा.

भोसरीचा_सेटर: दोघं एकाच टपरीवर चहा पितात. जुळणारच.

हिंजवडीचा_वैतागलेला: तुम्हाला गेज पण हवा आणि गेजवर विश्वासही नाही. धन्य आहात.

भोसरीचा_सेटर: गेजवर विश्वास आहे. तोसुद्धा कॅलिब्रेशनला, म्हणजे स्वतःचं माप तपासून घ्यायला, जातो. तुमचा साहेब कधी गेला?

माहेर_सांगली: 😂 असो. परवा माझा फॉर्म आहे. यंदा चार टाकतेय.

सदाशिव_स्पष्ट: पाच टाका. एक कापणारच आहेत. तुळशीबागेत कधी गेला नाहीत का?