प्रमाण अचूक, तरी रेषा निर्जीव का वाटते?

प्रश्न – फुटाळाकाठ, नागपूर
शाळेत चित्रकलेच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट या दोन्ही परीक्षा दिल्यामुळे प्रमाण साधण्याची सवय हाताला आहे. मात्र गेले काही महिने सीताबर्डीच्या बाजारात बसून रेखाचित्रे काढताना असे जाणवते, की पोते वाहणारा हमाल आणि दुकानाच्या पायरीवर पेंगणारे आजोबा या दोघांची रेषा माझ्या वहीत एकसारखीच उतरते. आकार चुकत नाही, पण पोत्याला वजन येत नाही. पेन्सिल बदलावी, की पाहण्याची पद्धत?

उत्तर – बोरू
पेन्सिल सर्वांत शेवटी बदला. बाह्यरेषा सगळीकडे सारख्याच दाबाने फिरवली, तर ती आकाराभोवती घातलेल्या तारेसारखी दिसते. पोते जेथे पाठीवर टेकते, मान जेथे दबते आणि टाच जेथे जमिनीवर रोवली जाते, तेथे हात जड होऊ द्या. सैल सदऱ्याच्या कडेला रेषा तुटली तरी हरकत नाही, कारण ती जागा पाहणाऱ्याचा डोळा भरून काढतो. चित्रकार चित्तप्रसाद यांनी १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात काळ्या शाईने केलेली रेखाचित्रे या दृष्टीने अवश्य पाहावीत.

उत्तर – गेरूची भिंत
दाबाचा मुद्दा मला अर्धाच पटतो. वारली चित्रात तांदळाच्या पिठाची रेषा बांबूच्या काडीने काढतात. तिची जाडी फारशी बदलत नाही आणि माणूस म्हणजे टोकाला टोक भिडवलेले दोन त्रिकोण. तरीही तारपानृत्याची वळत जाणारी रांग थांबलेली वाटत नाही, कारण तेथे भाव त्रिकोणांच्या कलण्यात आणि दोन आकृतींमधील अंतरात असतो. तुमचा हमाल पुरेसा वाकला आहे का, हे आधी तपासावे. विष्णुधर्मोत्तर पुराणातील चित्रसूत्र या चित्रकलेवरील भागात आचार्य रेषेची प्रशंसा करतात आणि विचक्षण जन छायेची, असे म्हटले आहे. (स्त्रियांना अलंकरण आवडते, हे त्यापुढील विधान त्या काळाकडेच सोपवू.)

बोरू
कलण्याचा मुद्दा मान्य. त्यासाठी मनगट टेकवू नये, हात खांद्यापासून फिरवावा आणि एका आकृतीला अर्ध्या मिनिटापेक्षा अधिक वेळ देऊ नये. खोडरबर घरी ठेवावा.

फुटाळाकाठ, नागपूर
रविवारी तसे करून पाहिले. डोकी लहान झाली, एका हमालाचा पाय तर कागदाबाहेरच गेला. परंतु वही चाळताना आईने प्रथमच विचारले, "या पोत्यात एवढे काय भरले आहे?"