मदत हवी आहे: प्रोसेसर ४.८ गिगाहर्ट्झवर रात्री ठणठणीत, दुपारी निळा पडदा (विंडोज कोसळते). व्होल्टेज अजून किती वाढवू?

गावभागकर

नमस्कार मंडळी. सांगलीत लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करतो. दोन महिने मशीनने डोकं उठवलंय, त्यामुळे थोडं लांबण लागलं तर सांभाळून घ्या.

मशीन असं: आय५-८६००के प्रोसेसर, जुनाच घेतलेला. झेड३७० बोर्ड, रॅमच्या ८-८ जीबीच्या दोन डीडीआर४ ३२०० स्टिक, एक्सएमपी (रॅम तिच्यावर लिहिलेल्या वेगाला चालवणारी सेटिंग) चालू. एका पंख्याचा टॉवर कूलर आणि ५५० वॉटचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय). ग्राफिक्स कार्ड आहे, पण या भानगडीत त्याचा संबंध दिसत नाही.

जानेवारीत ओव्हरक्लॉक केलं, म्हणजे प्रोसेसर कंपनीच्या वेगापेक्षा जास्त पळवला: मल्टिप्लायर ४८ (गुणिले १०० मेगाहर्ट्झ, म्हणजे ४.८ गिगाहर्ट्झ) केला आणि व्हीकोर, म्हणजे प्रोसेसरचं व्होल्टेज, १.३० वर फिक्स केला. सिनेबेंच आर२३ (प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणारी चाचणी) दहा मिनिटं चालवलं, ८१ अंशांच्या वर गेलं नाही. रात्री तसंच प्राइम९५ सुद्धा अर्धा तास चाललं. म्हटलं, जमलं! फेब्रुवारीची सगळी लग्नं यावर काढली.

मार्चपासून एक्सपोर्ट करताना निळा पडदा यायला लागला. कधी ‘क्लॉक वॉचडॉग टाइमआउट’, कधी ‘डब्ल्यूएचईए अनकरेक्टेबल एरर’ (हार्डवेअरची न सावरलेली चूक). नेटवर सगळीकडे एकच उत्तर, व्होल्टेज कमी पडतंय. म्हणून १.३३ केलं. चार दिवस बरे गेले. मग १.३६ केलं, आणि आता १.३९ वर आहे. लोड लाइन कॅलिब्रेशन (भार आल्यावर व्होल्टेज किती बसू द्यायचं ती सेटिंग) सगळ्यात वरच्या पायरीवर. तरी पडतंय, आणि पूर्वीपेक्षा जास्त पडतंय.

यात गंमत अशी की रात्री अकरानंतर तीच फाइल मुकाट्याने एक्सपोर्ट होते. आमचे मामा वायरमन आहेत. त्यांचं म्हणणं, दुपारी लाइन पडते, स्टॅबिलायझर लाव. लावू का? की सरळ १.४२ करून बघू? अक्षय्य तृतीयेच्या पाच लग्नांचं काम डोक्यावर आहे.

यवतेश्वरचा वारा

१.४२ अजिबात करू नका. आधी एवढंच सांगा: दुपारी दोन वाजता खोलीचं तापमान किती, एक्सपोर्ट चालू असताना कोअरचं किती, आणि कूलर शेवटचा कधी साफ केला? जानेवारीच्या रात्रीची परीक्षा एप्रिलच्या दुपारी चालत नाही. आमच्या साताऱ्यात सुद्धा चालत नाही, सांगलीत तर सोडाच.

डबा बंद

ओव्हरक्लॉकिंगचा जमाना गेला आता. विकून टाका आणि नवा घ्या.

गावभागकर

@डबा बंद, नवा घ्यायचे पैसे असते तर जुना कशाला घेतला असता राव.

@यवतेश्वरचा वारा, आत्ता बघितलं. खोली वरच्या मजल्यावर, वर पत्रा. भिंतीवरचा काटा ३८ दाखवतोय. एक्सपोर्ट सुरू केल्यावर दोन मिनिटांत सगळे कोअर ९९-१००. कूलर बसवल्यापासून उघडलेला नाही.

मिरजेची तार

भावा, तुझं निदानच उलटं झालंय. सविस्तर लिहितो, कारण ही चूक मी स्वतः एकदा केली आहे आणि बोर्ड घालवून बसलो आहे.

आधी मामांचं. भिंतीतलं २३० व्होल्ट आणि प्रोसेसरचं १.३ व्होल्ट यांच्यामध्ये दोन दारं आहेत. एसएमपीएस २३० चं १२ करतो. मग बोर्डावरची व्हीआरएम त्या १२ चं १.३ करते. लाइन थोडी खालीवर झाली तर चांगला एसएमपीएस ते पोटात घालतो. लाइन खरंच गेली तर मशीन फटकन बंद होऊन पुन्हा सुरू होतं आणि इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या नोंदवहीत) नुसता कर्नल-पॉवर ४१ दिसतो. निळा पडदा येऊन त्यावर डब्ल्यूएचईए लिहून येत असेल तर तक्रार बहुधा प्रोसेसरची आहे. मामांना चहा पाजा, स्टॅबिलायझर राहू दे.

आता मुख्य मुद्दा. हवेचा कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. तो फक्त ‘खोलीपेक्षा इतके अंश वर’ एवढंच ठरवतो. जानेवारीत रात्री खोली २२ ला असेल असं धरू. तू ८१ मोजलंस, म्हणजे ५९ अंश वर. तेच ५९ आज ३८ वर चढव. ९७ झाले, आणि तेही जुन्या १.३० वर, स्वच्छ कूलर धरून. या चिपची हद्द १०० अंश. तिथे ती स्वतःच वेग कापते.

त्यात तू व्होल्टेज वाढवत गेलास. खर्च होणारी वीज वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. ४.६ ला १.२२ आणि ४.८ ला १.३५ असा हिशेब करून बघ: वेग ४ टक्के जास्त, उष्णता जवळजवळ २८ टक्के जास्त. तासाभराच्या एक्सपोर्टमध्ये वाचणार जेमतेम अडीच मिनिटं. तू तर १.३९ वर आहेस. शिवाय सिलिकॉन तापलं की त्याच वेगाला त्याला व्होल्टेज जास्त लागतं. म्हणजे तापलं म्हणून पडतंय, पडतंय म्हणून तू व्होल्टेज देतोस, आणि त्याने आणखी तापतंय. आमच्याकडे तंबोऱ्याची तार उतरली की खुंटी पिळतात, पण भोपळाच तडकलेला असेल तर खुंटी पिळून तार तुटते, सूर लागत नाही.

अजून एक. ८६००के मध्ये चिप आणि वरच्या धातूच्या झाकणाच्या मधे पेस्ट आहे, सोल्डर नाही. पुढच्या पिढीच्या ९६००के ला सोल्डर आलं. त्यामुळे कूलर कितीही भारी लावला तरी या चिपची उष्णता झाकणापर्यंतच अडखळत येते. झाकण काढून आत लिक्विड मेटल भरणारे बहाद्दर आहेत, पण पोटापाण्याच्या मशीनवर तो उद्योग करू नकोस.

आज एवढंच कर: बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगमध्ये) सगळं डिफॉल्ट, एक्सएमपी सुद्धा बंद. कूलर उतरव, साफ कर, नवी पेस्ट लाव. मग डिफॉल्टवरच एक एक्सपोर्ट काढ आणि वेळ लिहून ठेव. डिफॉल्टला ही चिप सहाही कोअरवर ४.१ ला चालते.

यवतेश्वरचा वारा

+१. आणि एचडब्ल्यूइन्फो (तापमान, वेग दाखवणारं सॉफ्टवेअर) लावून आत्ताच्या सेटिंगवर सुद्धा एक एक्सपोर्ट बघा. ‘थर्मल थ्रॉटलिंग’च्या (तापल्यामुळे वेग कापण्याच्या) रकान्यात ‘येस’ आलंय का आणि प्रत्यक्ष घड्याळ कितीवर चालतंय, हे पाहिल्याशिवाय तुमचे ४.८ खरे मानू नका.

गावभागकर

मंडळी, लाज वाटते पण लिहितो.

एचडब्ल्यूइन्फो: थ्रॉटलिंग ‘येस’, सहाच्या सहा कोअरना. घड्याळ ४.० ते ४.२ च्या मध्ये झोके घेत होतं. म्हणजे दोन महिने मी ४.८ चा तोरा मिरवत होतो आणि मशीन कंपनीच्याच वेगाने चालत होतं, वर निळे पडदे फुकट.

मग कूलर उतरवला. आमची खोली मार्केट यार्डाच्या मागच्या अंगाला, शेजारी हळदीचं गोडाऊन. पॉलिश चालू असलं की खिडकीच्या गजावर सुद्धा पिवळं बसतं. कूलरच्या फिनमध्ये मध्यापर्यंत हळद आणि धूळ यांची वाकळ झाली होती. ब्रश मारला तर जेजुरीला भंडारा उधळावा तसं झालं. आई म्हणाली, यात फोडणी देता येईल.

५० मिनिटांच्या एका फिल्मच्या एक्सपोर्टचे आकडे:
आधी, म्हणायला ४.८ आणि १.३९ वर: ६१ मिनिटं (रात्री काढलेला).
साफ करून, सगळं डिफॉल्ट: ६० मिनिटं, दुपारी तीनला, ७९ अंश.

आता पुढे कसं जाऊ?

मिरजेची तार

हळदीचा कूलर पहिल्यांदाच ऐकला. केसच्या पुढच्या जाळीला कापड लाव, पण पातळ, हवा अडणार नाही असं. हंगाम आहे तोवर दर पंधरवड्याला झटक.

आता वर चढायचं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, दोन बदललेस की काय बिघडलं ते कळणार नाही. वहीत लिही, मोबाइलमध्ये नको, बायोसमध्ये बसलेला असताना वहीच बरी.

एक्सएमपी बंदच ठेव. मल्टिप्लायर ४६, व्हीकोर १.२५. लोड लाइन मधल्या पायरीवर. भार आला की व्होल्टेज थोडं खाली बसणं हे बिघाड नाही, ती रचना आहे. ते बसूच नये म्हणून वरची पायरी लावलीस की भार सुटताना व्होल्टेज क्षणभर उसळी मारतं आणि ती उसळी साध्या सॉफ्टवेअरला दिसत सुद्धा नाही. एक गोष्ट सांभाळ: काही बोर्डांवर पहिली पायरी सगळ्यात कडक असते, काहींवर शेवटची. आपल्या बोर्डाचं मॅन्युअल उघडून बघ, अंदाजाने लावू नको.

वाचताना ‘व्हीआयडी’ वाचू नको. ते प्रोसेसरने मागितलेलं व्होल्टेज असतं. बोर्ड प्रत्यक्षात जे देतो ते ‘व्हीकोर’च्या ओळीत, आणि तेही भार असताना बघायचं. निम्मे लोक इथेच फसतात आणि १.२० वर स्टेबल आहे म्हणून मिरवतात.

१.२५ वर चाललं की ०.०१ ने खाली ये. प्रत्येक पायरीवर वीस मिनिटं सिनेबेंच, आणि नंतर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डब्ल्यूएचईए-लॉगर १९ नंबरची नोंद आहे का ते बघ. ही नोंद म्हणजे चूक झाली पण चिपने सावरून घेतली. निळा पडदा येण्याच्या आधीची ती खोकल्याची उबळ आहे. नोंद दिसली की दोन पायऱ्या वर जाऊन थांब.

शेवटी प्राइम९५, पण एव्हीएक्सची (प्रोसेसरच्या जड गणिती सूचनांची) खूण काढून एकदा आणि ठेवून एकदा. तुझ्या एक्सपोर्टमध्ये एव्हीएक्स सूचना येतात, आणि सिनेबेंच पास होऊनही एक्सपोर्टला पडू शकतं. एव्हीएक्स ठेवून प्राइम फार तापवतं, पाच मिनिटं पुरे. आणि ही परीक्षा दुपारी तीनला द्यायची. रात्री घेतलेली मी मोजणार नाही.

यवतेश्वरचा वारा

एक शंका. पडदा येत नव्हता तेव्हा, म्हणजे फेब्रुवारीत, व्हिडिओत कधी हिरवी पट्टी, चौकोन, असं काही दिसलं होतं का?

गावभागकर

हो! एका फिल्ममध्ये मंगलाष्टकांच्या वेळी तीन फ्रेम हिरव्या होत्या. मला वाटलं कॅमेऱ्याचं कार्ड खराब. का?

यवतेश्वरचा वारा

कारण मूळ क्लिपमध्ये ती नसेल तर ते कार्ड नव्हे, रॅम असू शकते. एक्सएमपी पुन्हा लावाल तेव्हा आधी मेमटेस्ट८६ या रॅमच्या चाचणीचे चारही फेरे पूर्ण करा. आणि व्हीसीसीएसए, व्हीसीसीआयओ (रॅमशी बोलणाऱ्या, प्रोसेसरमधल्या भागांची व्होल्टेज) ऑटोवर असतील तर किती आहेत ते सांगा. बरेच बोर्ड एक्सएमपी लावलं की हे दोन गुपचूप वर नेतात.

गावभागकर

पाच दिवसांनी हजर. वही भरली.

प्रोसेसर: ४६ ला १.२० वर खोकला आला, १९ नंबरच्या दोन नोंदी. १.२१ वर एक. १.२२ वर नोंद नाही. दोन पायऱ्यांचा नियम पाळून १.२३ वर थांबलो. दुपारी तीन, खोली ३८, एक्सपोर्टला ८४ अंश. तीच ५० मिनिटांची फिल्म ५४ मिनिटांत. मोह आवरला नाही म्हणून ४७ करून पाहिलं. त्याला १.२९ लागले, ९२ अंश आणि वाचलं एक मिनिट. परत ४६ वर आलो.

रॅम: एक्सएमपी लावल्यावर व्हीसीसीएसए ऑटोने १.३० वर नेऊन ठेवलं होतं. हाताने १.१५ केलं. मेमटेस्टचे पहिले दोन फेरे स्वच्छ, तिसऱ्यात चार चुका. म्हटलं मीच व्होल्टेज कमी केल्यामुळे असेल, म्हणून पुन्हा १.३० वर नेऊन बघितलं. तरी तिसऱ्याच फेऱ्यात चुका. एकेक स्टिक काढून घातली, दोन्ही एकेकट्या बरोबर चालतात, जोडीने ३२०० ला चुकतात. ३००० ला आणल्यावर १.१५ वरच चारही फेरे स्वच्छ, दोनदा. तिथेच ठेवलं.

म्हणजे बिघाड दोन होते. निळा पडदा तापण्याचा आणि हिरव्या फ्रेम रॅमच्या. मी दोन्हींवर एकच औषध पाजत होतो. मूळ क्लिप पण तपासली, त्यात हिरवं काही नाही.

@मिरजेची तार, @यवतेश्वरचा वारा, भडंगाचं एकेक पाकीट माझ्याकडे लागू. मामांना चहा पाजला. ते म्हणतात, तरी पण स्टॅबिलायझर लावच.

आता जानेवारीपासून दिलेल्या सगळ्या फिल्म उघडून बघत बसलोय, फ्रेम फ्रेम. नऊ बघून झाल्या, आणखी दोघांत हिरवं सापडलं. एकाच्या सप्तपदीत आणि एकाच्या जेवणावळीत. जेवणावळीतलं कोणाच्या लक्षात येणार नाही. सप्तपदीवाल्यांना उद्या सकाळी फोन करतो.