'पानिपत होणे' म्हणजे हरणे की फसणे?

प्रश्न: बातम्यांत एका पक्षाचं 'पानिपत झालं' असं ऐकलं. आपण पार धुव्वा उडाला या अर्थाने म्हणतो, पण १७७१ ला मराठे परत दिल्लीत होतेच ना, मग ते युद्ध फेल गेलं म्हणायचं की फक्त लढाई हरली?

प्रतिसाद: लढाई हरतात किंवा जिंकतात, मोहीम फत्ते होते नाहीतर फसते, हे दोन हिशोब वेगळे ठेवा. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर अब्दालीशी लढाई हरलो यात वादच नाही, सेनापती सदाशिवरावभाऊ, पेशव्यांचा मुलगा विश्वासराव गेले, दोन मोत्यें गळाल्याची ती सांकेतिक चिठ्ठी सगळ्यांना माहितीये, आणि जूनमध्ये नानासाहेब पेशवेही गेले. आता मोहिमेचं बघा. अब्दालीला हिंदुस्थानातून घालवायचं हा उद्देश, आणि तो त्याच वर्षी परत गेला! पण म्हणून मोहीम फत्ते म्हणाल तर लोक हसतील, तो काय आपण हाकलल्यामुळे गेला का, त्याच्या फौजेचा पगार थकला होता, घरी जायची घाई होती.

प्रतिसाद: आणि पंजाब? १७५८ ला अटकेपर्यंत गेलेलो, पानिपतानंतर तिथला अंमल परत बसलाच नाही. महादजी शिंद्यांची १७७१ ची दिल्ली ही नवीन मोहीम, ती जुन्या खात्यात कशाला जमा करायची. अपयशच म्हणा सरळ.

प्रतिसाद: उलटं उदाहरण पालखेड, १७२८. मोठी हातघाई अशी झालीच नाही, बाजीरावांनी निजामाला पळवून पळवून पाण्यावाचून कोंडलं आणि मुंगी-शेवगावचा तह पदरात पाडला. लढाई शोधायला जाल तर सापडत नाही पण मोहीम शंभर टक्के फत्ते.

प्रतिसाद: मग खर्ड्याची लढाईही घ्या. मार्च १७९५ ला निजामावर दणदणीत विजय, ऑक्टोबरात सवाई माधवराव गेले, पुण्यात गादीवरून कारस्थानं सुरू झाली आणि तहात मिळवलेलं बरंचसं वर्षभरात सोडावं लागलं. त्यामुळे 'विजय' म्हणा खुशाल, 'यश' म्हणताना माझी जीभ जरा अडखळते.

प्रश्नकर्ता: पटलं. पण मग निवडणुकीला 'पानिपत' चालेल का?

प्रतिसाद: डिपॉझिट जप्त झाली असतील तर बिनधास्त म्हणा. चार जागा कमी आल्या तर नाही, तिथे 'फटका बसला' पुरे.