न्यूट्रिनो कशालाच धडकत नाही, मग सुपरनोव्हात त्याचा फ्लेवर बदलतो कसा?

चौकस_सांगलीकर:
मंडळी, एक शंका डोक्यातून जात नाहीये. न्यूट्रिनो हा विद्युतभार नसलेला अतिसूक्ष्म कण म्हणे आख्ख्या पृथ्वीतून आरपार जातो. आणि त्याच तोंडाने सांगतात, की फुटणाऱ्या ताऱ्यातून निघताना तिथल्या पदार्थामुळे त्याचा फ्लेवर, म्हणजे इलेक्ट्रॉन, म्यूऑन, टाऊ या तिन्हींपैकी त्याचा प्रकार, बदलतो. धडकतच नाही तर बदलतो कसा? थोडं गणित चालेल, मॅट्रिक्स नकोत.

निवृत्त_मास्तर:
शंका रास्त आहे. चष्म्याची काच प्रकाश अडवत नाही, तरी त्याचा वेग बदलतेच ना? इथेही तोच प्रकार. ताऱ्याच्या थरांत इलेक्ट्रॉन ठासून भरलेले, त्यांचे जड भाऊबंद म्यूऑन आणि टाऊ नाहीतच म्हणा. त्यामुळे इलेक्ट्रॉन न्यूट्रिनोलाच तेवढी जादा ऊर्जा चिकटते, बाकी दोघांना नाही. धडकेची शक्यता फर्मी स्थिरांकाच्या (न्यूट्रिनोला जाणवणाऱ्या क्षीण बलाची ताकद सांगणारा आकडा) वर्गावर ठरते, ही ऊर्जा नुसत्या स्थिरांकावर. स्थिरांक एवढासा, वर्ग केला की उरतं काय? पण पहिला घात पुरून उरतो. हे वोल्फेनस्टाइनने १९७८ मध्ये मांडलं, मिखेयेव आणि स्मिर्नोव्हने १९८५ मध्ये पुढे नेलं.

आता घनतेचं. आत खोलवर इलेक्ट्रॉन न्यूट्रिनो एकाच वस्तुमान-अवस्थेत (ठरावीक वस्तुमानाची, फ्लेवरांच्या मिश्रणाने घडलेली अवस्था) बसलेला असतो. बाहेर येताना घनता उतरते. घन सेंटिमीटरला काही हजार ग्रॅमच्या आसपास पहिला अनुनाद (फ्लेवरांची सरमिसळ सगळ्यात जोरात होते ती जागा), दहा-शंभर ग्रॅमला दुसरा. उतार सावकाश असला तर न्यूट्रिनो आपली अवस्था सोडत नाही, पण त्या अवस्थेची घडणच वाटेत पालटते. आत जी निव्वळ इलेक्ट्रॉन होती, ती बाहेर बहुतांशी म्यूऑन-टाऊ. एकदा ताऱ्याबाहेर पडला की मग लाखभर प्रकाशवर्षं तसाच.

रात्रपाळी:
मास्तर, गाभ्याजवळचं वगळलंत! तिथे न्यूट्रिनोंची एवढी दाटी, की ते एकमेकांवरच परिणाम करतात.

निवृत्त_मास्तर:
मुद्दामच वगळलं. तिथे एकाचा फ्लेवर बाकी सगळ्यांवर अवलंबून, समीकरणं अरेषीय. मोठमोठ्या संगणकांनाही ते अजून नीट आवरत नाही. विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी हे दाखवलं तर तो कॉमर्सला जाईल.

चौकस_सांगलीकर:
आता डोक्यात शिरलं. पण १९८७ च्या सुपरनोव्हात हे दिसलं का हो?

निवृत्त_मास्तर:
नाही. २३ फेब्रुवारीला न्यूट्रिनो टिपणाऱ्या शोधकांत मोजक्याच नोंदी झाल्या: जपानच्या कामिओकांडेत ११, अमेरिकेच्या आयएमबीत ८, रशियाच्या बक्सानमध्ये ५. बहुतेक इलेक्ट्रॉन प्रतिन्यूट्रिनो (न्यूट्रिनोचे प्रतिकण). एवढ्यावर काय ठरणार! आपल्याच आकाशगंगेत तारा फुटला तर जपानच्याच आताच्या मोठ्या सुपर-कामिओकांडे शोधकात हजारोंनी नोंदी होतील.

माझं लक्ष मात्र पहिल्या काही दशांश नव्हे, काही शतांश सेकंदांवर आहे. प्रोटॉन इलेक्ट्रॉन गिळतात तेव्हा इलेक्ट्रॉन न्यूट्रिनोंचा एक झोत सुटतो. न्यूट्रिनोंच्या तीन वस्तुमानांचा क्रम सरळ (तिसरं सगळ्यात जड) असेल तर त्यातले जेमतेम २ टक्के इलेक्ट्रॉन म्हणून पोचतील, उलटा (तिसरं सगळ्यात हलकं) असेल तर ३० टक्क्यांच्या आसपास. मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेचे अमोल दिघे आणि स्मिर्नोव्ह यांनी २००० साली सुपरनोव्हाच्या न्यूट्रिनोंवरून हा क्रम कसा ओळखायचा यावरच लिहिलंय. अमेरिकेत ड्यून नावाचा द्रवरूप आर्गॉनचा शोधक उभा राहतोय, त्याला हा झोत पकडता येईल. तो तयार व्हायच्या आधी तारा फुटू नये, एवढंच म्हणतो.